चौदा नावं, एक नंबर

“तू ऊठ. टेबलाशी निर्णय घेणारे बसतात. तू प्रोजेक्टरपाशी थांब.”

मी उठले. सगळ्यांदेखत उठले. रोह्याच्या एका केमिकल कंपनीतली मीटिंगची खोली. लांब टेबल, अकरा खुर्च्या. मी बसले होते ती शेवटची, दाराजवळची. तिथं बसलेलंही चाललं नाही. वही उचलली, ओढणी सावरली आणि भिंतीला लागून उभी राहिले. माझी धरून तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या मीटिंग संपेपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

पडद्यावर माझा अहवाल होता. दीड महिना खपून मी तो केला होता. पहिल्या पानावरचं माझं नाव काढून तिथं साहेबांचं घातलं होतं. साहेब म्हणजे आमच्या आयटी विभागाचे प्रमुख. त्यांचं नाव मी इथं घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, तो माणूसच तसा होता. एकट्याचा प्रश्न नव्हता. त्या टेबलाशी आठ माणसं होती आणि साहेबांनी मला उठवलं तेव्हा बाकीचे सातही जण आपापल्या कागदात बघत होते.

साहेब माझी वाक्यं वाचून दाखवत होते. “पुढे,” म्हणायचे. मी बटण दाबायची. माझंच लिहिलेलं, मीच पानं उलटते आहे, आणि कोणाला ठाऊकही नाही.

नवव्या पानावर तक्ता आला. त्यातली एक ओळ मी लाल रंगात भरली होती. पुढे लिहिलं होतं, नापास. आता ती ओळ पिवळी होती. पुढे लिहिलं होतं, किरकोळ सुधारणा अपेक्षित.

माझ्या तोंडून गेलं, “सर, असं नाय. हे नापास हाय.”

ज्या सॉफ्टवेअरबद्दल ती ओळ होती ते विकणारा माणूस पुण्याहून आला होता. साहेबांच्या शेजारी बसला होता. दोघं एका कॉलेजचे. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “नाय? हाय?” पुन्हा एकदा म्हणाला, चव घेतल्यासारखं. दोघं-तिघं हसले. साहेबांनी हात उडवला. “खारेपाटातली आहे. मिठागरातून थेट सर्व्हर रूममध्ये. चालायचंच.”

मग सगळेच हसले. मी पुढचं पान लावलं.

खारेपाट म्हणजे पेणच्या पश्चिमेची, खाडीच्या अंगाची आमची जमीन. भात आणि मीठ. बाबा मिठागरात होते. बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं, मालकाने पुन्हा बांध घातला नाही. मग गावातली माणसं रोह्याला कंपनीत जाऊ लागली. कंपनीत म्हणजे कंपनीच्या नोकरीत नव्हे. रमाकांत मुकादमाच्या हाताखाली, टाक्या साफ करायला. टाकीत उतरायचं, तळाचा गाळ खरवडायचा, बादल्यांनी वर द्यायचा. बाबांसकट चौदा माणसं, सगळी आमच्याच गावची.

मी पेणला बीएस्सी केलं, कॉम्प्युटरमध्ये. त्याच कंपनीत आयटीमध्ये लागले, तीही कंत्राटीच. दर अकरा महिन्यांनी कागद नवा. पेणच्या रामवाडी स्टँडवरून मी सकाळची रोहा गाडी धरायची. गडब, नागोठणे, रोहा. बाबांची माणसं मुकादमाच्या टेम्पोने जायची. मी पुढच्या गेटने आत, ते मागच्या. पहिल्याच दिवशी बाबांनी बजावलं होतं, “आत असताना मला हाक मारू नको गो. साहेब लोक बघतात.” तीन वर्षं मी माझ्या बापाला कंपनीच्या आवारात हाक मारली नाही. याची लाज त्यांना वाटत नव्हती, मला वाटायला हवी होती, आणि मलाही वाटली नाही. उलट बरं वाटायचं. हे लिहिताना कान तापतात, पण खरं आहे.

आता त्या अहवालाचं.

टाकीत उतरण्याची आमच्याकडे जुनी पद्धत होती. टाकीच्या तोंडाशी लाकडी फळी, फळीला खिळे. आत जाणारा माणूस आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवणार. बाहेर आला की काढून घेणार. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. कंपनीला हे जुनाट वाटायला लागलं. बाहेरून पाहणीला येणाऱ्यांना दाखवायला बरं दिसत नव्हतं. कोण आत, कोण बाहेर, सायरन झाला तर सगळे आले का, हे सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे असं ठरलं.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “नेटवर बघ. तीन नावं काढ, एक तुलना कर, छान तक्ता वगैरे. पुण्याचं वर येईल असं बघ.”

निर्णय झालेला होता. त्याला फक्त कागद लागत होता. हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं. पण पहिल्यांदाच कोणी केबल ओढण्याखेरीज दुसरं काम दिलं होतं. ते मी खरं करायचं ठरवलं.

मिठागरात बाबा पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडण्याआधी बोट बुडवून जिभेला लावायचे. मालक म्हणायचा, सोड रे, झालंय. बाबा आधी चव घ्यायचे. मला तपासणी म्हणजे काय हे कॉलेजात शिकवलं नव्हतं. मला हे माहीत होतं.

तीनही सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं वाचली. सगळ्यांत सगळंच होतं. तिघंही सगळ्यात पुढे, तिघंही सगळ्यात सुरक्षित. तिघांनी डेमो दाखवला. डेमो म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर. मला मागची मोरी बघायची होती. मी चाचणीची प्रत मागून घेतली, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चढवली आणि एकेक बघायला लागले. वीज गेली तर काय होतं. टाक्यांच्या मागे नेटवर्क मिळत नाही, तिथं काय होतं. उद्या हे सॉफ्टवेअर नको झालं तर आपली माहिती आपल्याला काढून घेता येते का. बिघडलं तर फोन कोण उचलतं. प्रत्येक कंपनीला मी जेवणाच्या सुट्टीत फोन करून बघितला. एकीने उचलला, दोघींकडे गाणं वाजत राहिलं.

पुण्याच्या माणसाने समाधानी ग्राहकांची यादी दिली होती. तिच्यातल्या एका गोदामात मी फोन लावला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. “आमच्याकडे मस्त चालतंय. सगळी कायम माणसं, प्रत्येकाचा स्वतःचा फोन. काही त्रास नाही.” त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्याकडे मस्तच चालत असणार. पण आमच्याकडे कायम माणसं नव्हती. म्हणून मी खरी नावं घालून बघायचं ठरवलं आणि मुकादमाकडे गेले.

रमाकांत मुकादमाने त्याचं रजिस्टर उघडलं. चौदा नावं. प्रत्येक नावापुढे मोबाईल नंबर. चौदाही ठिकाणी एकच नंबर.

“काका, हा तर तुमचा नंबर.”

“व्हय, माझाच. सगल्यांचा माझाच टाक.”

“का?”

“का म्हंजे? फोन गेटवर जमा कराचे. निम्म्यांचे फोन घरी पोरांकडं. रिचार्ज संपला का सिम बदलतात. कंपनीला मानूस पायजे असला का फोन कोनाला करतात? मनाच करतात ना?”

आमच्याकडे हे असंच चालतं. गेटपासचा फॉर्म असो, विम्याचा असो, मुकादम आपला नंबर टाकतो. माणसाला शोधायचं तर मुकादमाला विचारायचं. इतकी वर्षं यात कोणाचं काही अडलं नव्हतं, आणि कंपनीलाही हेच सोयीचं होतं. चौदा माणसं ओळखण्यापेक्षा एक मुकादम ओळखणं बरं.

मी चौदा नावं पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. जसं रजिस्टरात होतं तसं, मुकादमाचा नंबर चौदा वेळा. सगळी नावं घेतली गेली, प्रत्येकाचं कार्डही तयार झालं. हजेरी बरोबर. आत गेले तेव्हाचीही नोंद बरोबर, चौदा. मग मी सायरनचं बटण दाबलं. पडद्यावर चौदा नावं लाल झाली. याचा अर्थ सगळे आत. त्यातल्या एकाला मी बाहेर आला म्हणून नोंदवलं.

चौदाही हिरवे झाले.

मला वाटलं, माझा हात चुकला. परत केलं. एक बाहेर, चौदा हिरवे. मग चौघांना वेगळे नंबर देऊन बघितलं. ते चौघं लालच राहिले, बाकीचे हिरवे. कळलं. सायरनच्या वेळी हे सॉफ्टवेअर माणूस मोजत नव्हतं. नंबर मोजत होतं. त्या नंबराचं एक कार्ड बाहेर दिसलं की त्या नंबराची सगळी माणसं सुटली.

मी त्या चौदा नावांकडे बघत बसले. सहावं नाव बाबांचं होतं.

पुण्याला मेल केली. मेलला उत्तर नाही, फोन आला. “मॅडम, मोबाईल नंबर हीच ओळख धरलेली आहे. जगभर असंच असतं. तुमच्या लोकांचा डेटा खराब आहे. हा एज केस आहे.”

एज केस म्हणजे क्वचित, कुठंतरी काठावर घडणारी गोष्ट. ती धरली नाही तरी चालतं. त्यांच्या हिशेबात आमचं अख्खं गाव काठावर होतं.

दुसरं सॉफ्टवेअर दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं होतं. रंग नाहीत, चित्रं नाहीत. पण त्यात प्रत्येक माणसाला त्याचा बिल्ला नंबर हीच ओळख देता येत होती. एक बाहेर काढला, तेरा लाल राहिले. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. तिसरं टाक्यांच्या मागे नेटवर्क गेलं की बंदच पडत होतं, ते बाद. मी स्पष्ट लिहिलं, दुसरं घ्या. पुण्याचंच घ्यायचं असेल तर आधी ही खोट काढून घ्या, आणि मुकादमाचं रजिस्टर पुढ्यात ठेवून माझ्यासमोर पुन्हा तपासा. तोवर नापास. पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, अहवाल छापला, बाइंडिंग करून घेतलं. हातात धरला तेव्हा वजनदार वाटला. साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पानं फर्रकन सोडली आणि म्हणाले, “एवढं कशाला लिहिलंस?”

आठवड्याने ती मीटिंग झाली. मी प्रोजेक्टरपाशी उभी राहिले, ते सुरुवातीला सांगितलंच.

मीटिंगनंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अहवाल उघडा होता, शेवटचं पान. सगळीकडे त्यांचं नाव, पण या पानावर एक ओळ माझ्यासाठी राखून ठेवली होती. ‘प्रत्यक्ष तपासणी केली, समाधानकारक.’ खाली रेघ. रेघेखाली माझं नाव, टाईप केलेलं. संपूर्ण अहवालात माझं नाव एवढ्याच जागी शिल्लक होतं.

“सर, पण ते चौदा हिरवे...”

“ते मी बोललोय त्यांच्याशी. पुढच्या अपडेटमध्ये होईल. तुझा कागद कधी नवा व्हायचाय? पुढच्या महिन्यात ना?”

मी सही केली.

कोणी हात धरला नव्हता. पेन माझं होतं. मला नोकरी हवी होती, बाबांचं काम टिकायला हवं होतं, आणि मला वाटलं, करतील की अपडेटमध्ये. स्वतःला फसवायला इतकं पुरतं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. नागोठणं गेलं, गडब गेलं, आणि स्वतःला सांगत राहिले की एका सहीने काय होतं.

सॉफ्टवेअर सुरू झालं. गेटजवळ मोठा टीव्ही लागला. खिळ्यांची फळी भंगारात गेली, बिल्ले मुकादमाकडून मोजून परत घेतले. सगळ्यांच्या गळ्यात कार्ड आलं. बाबांनी घरी आणून आईला दाखवलं. फोटो चांगला आला होता.

तीन आठवड्यांनी सराव ठेवला. सकाळी अकरा वाजता सायरन होणार, सगळ्यांनी गेटजवळच्या मैदानात जमायचं, कार्ड दाखवायचं. मुंबईहून डायरेक्टर आले होते. पुण्याचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. साहेबांनी नवा शर्ट घातला होता.

सायरन झाला. माणसं यायला लागली. मागच्या बाजूने मुकादमाची माणसं धावत आली. सिक्युरिटीवाल्याने पहिल्याचं कार्ड मशीनला लावलं आणि पडद्याकडे बघितलं. मुकादमाची अख्खी टोळी हिरवी. त्याने बाकीच्यांना हातानेच पुढे काढलं. “झालं तुमचं. चला, गर्दी करू नका.” त्याचं काय चुकलं? पडदा सांगेल तसं त्याने केलं.

चार मिनिटं व्हायच्या आत पडद्यावर अक्षरं आली, सर्व सुरक्षित. टाळ्या पडल्या. डायरेक्टरांनी साहेबांचा हात हातात घेतला. पुण्याच्या माणसाने फोटो काढला.

मी आमच्या गावच्या माणसांकडे बघत होते. मोजली. तेरा. पुन्हा मोजली. बाबा होते. कोण नाही ते एकेक चेहरा वजा करत शोधलं. बाळाराम काका नव्हते. टोळीतले सगळ्यात म्हातारे. पंपांच्या मोटारींच्या आवाजात वर्षं काढून दोन्ही कानांनी कमी ऐकतात.

मी साहेबांपाशी गेले. “सर, एक माणूस आत हाय.”

“स्क्रीन बघ.”

“स्क्रीन नाय सर, माणसं मोजा. तेरा आहेत.”

“डायरेक्टर उभे आहेत. जा बाजूला.”

मी पळाले. चार नंबरची टाकी, मैदानापासून सगळ्यात लांब. तोंडाशी उभा राहणारा माणूस सायरन ऐकून आत ओरडला होता आणि निघून आला होता. त्याला वाटलं, काका मागून येतायत. पडद्यावरही आलेच होते. मी वाकून हाका मारल्या. आतून खरवडण्याचा आवाज येत होता, एका लयीत. बाजूला पाना पडला होता, तो घेऊन पत्र्यावर मारत राहिले. आवाज थांबला. काकांनी वर बघितलं. अंगभर गाळ, हातात खुरपं.

“जेवनाची सुट्टी झाली काय गो?”

त्यांना घेऊन मी मैदानात आले. मुकादम पुढे धावला. काय झालं ते कळायला लोकांना थोडा वेळ लागला. काकांनी तोच प्रश्न परत विचारला, जेवणाची सुट्टी झाली काय. आणि मैदान हसायला लागलं. साहेब हसले. डायरेक्टरही ओठ दाबून हसले. आमच्या गावची माणसंही हसली. बाबाही हसले. काका सगळ्यांकडे बघून स्वतःही हसायला लागले, कारण सगळे हसत होते.

मला हसू आलं नाही. त्या दिवशी टाकीत गॅस नव्हता. सराव होता, म्हणून हसणं होतं. मेलेला माणूसही त्या पडद्यावर हिरवाच दिसला असता. आणि खाली माझी सही होती.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. या वेळी पुण्याचा माणूसही तिथं बसलेला. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

“लिही. मुकादमाने चुकीचे नंबर भरले. वापरकर्त्याची चूक.”

“सर, मी हे आधीच तपासलं होतं. तुमच्याकडे लिहून दिलं होतं. लाल रंगात.”

“अहवालात पिवळं आहे. आणि समाधानकारक म्हणून सही तुझी आहे. माझी नाही.”

पुण्याचा माणूस शांतपणे म्हणाला, “ताई, या लोकांना प्रत्येकाचा वेगळा नंबरसुद्धा देता येत नाही. अडाणीपणाला आम्ही कोडिंग कसं करणार?”

या लोकांना. माझा बाप त्या लोकांत होता, आणि मी मैदानात त्याला हाकही मारली नव्हती. माणूस टाकीत त्यांनी पाठवायचा, फोन गेटवर त्यांनी काढून घ्यायचा, चौदा जणांसाठी एकाच माणसाला फोन करायची सवय त्यांनीच लावायची. आणि मग अडाणी कोण, तर ज्याच्या नावापुढे मुकादमाचा नंबर आहे तो. इतकी वर्षं मीही तेच मानत आले होते. शुद्ध बोलायला शिकले, मागच्या गेटकडे बघणं टाळलं, सांगितलं तिथं उभी राहिले. माझं डोकं टेबलावर चालत होतं आणि मी स्वतःला भिंतीला लावून ठेवलं होतं.

मी कागद परत सरकवला.

“मी नाय लिहिणार.”

या वेळी ‘नाय’ तोंडून गेला नव्हता. मी तो म्हटला होता.

जागेवर आले आणि मेल लिहिली. साहेबांना, डायरेक्टरांना, सुरक्षा अधिकाऱ्यांना, त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला. सोबत माझा मूळ अहवाल, लाल ओळीसकट. वर लिहिलं: मी हे सॉफ्टवेअर नापास ठरवलं होतं. तरीही समाधानकारक म्हणून सही केली. ती सही खोटी आहे आणि तो दोष माझा आहे. आज चार नंबरच्या टाकीत एक माणूस राहिला होता आणि पडदा सर्व सुरक्षित म्हणत होता. एवढंच. छापील प्रत कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला टपालाने पाठवली, पोहोच घेऊन.

घरी आले तेव्हा बाबांना कळलं होतं. मुकादमाने टेम्पोतच सांगितलं होतं. बाबा ओटीवर बसले होते. एवढे चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“सही खोटी हाय असं जगाला कशाला सांगितलंस गो? ते बोलले असते, मुकादम अडानी हाय, आमी अडानी हाव. आमाला काय, आमाला रोज बोलतात. मिटलं असतं.”

“बाळाराम काका आत होते, बाबा.”

“आला ना बाहेर.”

“आले नाय. मी आणले.”

आई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी विचारलं, “मी राहिलो असतो आत, तर कसा दिसलो असतो?”

“हिरवे.”

त्यांनी गळ्यातलं कार्ड काढलं. फोटोकडे बघितलं आणि ते आईकडे दिलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले, कार्ड घालूनच. गेटवर त्याशिवाय घेत नाहीत.

निरीक्षकांकडून अजून काही आलेलं नाही. सॉफ्टवेअर चालू आहे. अपडेट आलं, त्यात रंग बदलले. मी ते अपडेट माझ्या चाचणीच्या प्रतीवर चढवून तीन वेळा तपासलं, एक बाहेर तर चौदा हिरवेच. माझा कागद नवा झालेला नाही. त्याऐवजी चौकशीचं पत्र आलं आहे, आणि ती होईपर्यंत जुनाच कागद चालू ठेवला आहे. खोटी सही केली, कंपनीची बदनामी केली. पहिला आरोप खरा आहे, तो मी मान्य करणार. काल साहेबांनी निरोप पाठवला की मेल मागे घेतली तर कायम करण्याचं बघता येईल. मी निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि नाय म्हणून सांगितलं.

चौकशी उद्या आहे. डायरेक्टर येणार आहेत, साहेब असतील, पुण्याचा माणूसही. मी माझा लॅपटॉप नेणार आहे. चाचणीची प्रत त्यावर अजून आहे. मी भाषण करणार नाही, माफीनामाही वाचणार नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाचं नाव त्यांच्यासमोर घालणार आहे. डायरेक्टरांचं, साहेबांचं, पुण्याच्या माणसाचं. सगळ्यांपुढे एकच मोबाईल नंबर, माझा. मग सायरनचं बटण दाबणार. सगळे लाल होतील. मग म्हणणार, तुमच्यातल्या एकाने खोलीबाहेर जा, कोणीही जा. जो जाईल त्याला बाहेर आला म्हणून नोंदवणार. पडदा हिरवा होईल.

मग उरलेल्यांना विचारणार, तुम्ही आत आहात हे मला तोंडाने सांगू नका. टाकीत गॅस असला की तोंड चालत नाही. तुम्ही आत आहात हे मला या पडद्यावर दाखवा.

दाखवता आलं, तर मी तिथंच नोकरी सोडते. नाही आलं, तर त्याच दिवसापासून चार नंबरच्या टाकीच्या तोंडाशी मी उभी राहणार. हातात कागद, कागदावर चौदा नावं. आत जाताना नाव, बाहेर येताना नाव. मला हाकललं तर मागच्या गेटवर उभी राहीन आणि टेम्पोतून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की तू आत मेलास तरी हे लोक तुला हिरवा दाखवणार आहेत. पहिल्यांदा बाबांना सांगेन. हाक मारून, सगळ्या साहेबांना ऐकू जाईल अशी.